शंका आली तर वही उघडायची



मागच्या विधानसभेच्या आधी आमच्या गटातल्या बायकांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. ‘बटण कुठलंही दाबा, मत एकाच ठिकाणी जातं.’ खाली पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. मासिक बैठकीत एक काकू म्हणाल्या, “मग हजेरी बुडवून रांगेत उभं राहायचं कशाला?” दोघीतिघींनी माना डोलावल्या. त्या दिवशी आम्ही हप्ते नंतर घेतले आणि आधी यावरच बोललो. तेच बोलणं आज तुमच्यासमोर ठेवतो आहोत.

शंका घेणं हा काही गुन्हा नाही. गटाच्या वहीत शिल्लक जुळली नाही की आपण विचारतोच. मग वही उघडते, शेजारी बँकेचं पासबुक ठेवलं जातं आणि सगळ्यांसमोर बेरीज होते. म्हणून कोणी गट मोडत नाही. निवडणुकीचा इतिहासही असाच आहे. शंका प्रत्येक काळात आली. ती नुसती कुजबुजत राहिली की तिचा उपयोग झाला नाही, आणि तपासायला नेली की काहीतरी बदललं.

अगदी पहिल्या निवडणुकीपासून बघू. 1951-52 साली देशात सुमारे 17 कोटी मतदार होते, त्यात जवळपास 8 कोटी बायका. यादी करणारे दारात आले तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान अशा भागांत बऱ्याच जणींनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की नाव नाही तर मतदार नाही. मुदत वाढवून दिली, तरी सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या. आपल्याकडे उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची हौस असते, पण बाईचं स्वतःचं नाव किती महत्त्वाचं आहे ते या आकड्यावरून कळतं. मत चोरीला जायच्या आधी ते यादीत असावं लागतं.

आता कोणी म्हणेल, मशीन नको, कागदच बरा. पण कागदावरही शंका आली होती. 1971 च्या लोकसभेनंतर दिल्लीत हरलेले जनसंघाचे नेते बलराज मधोक यांनी आरोप केला की मतपत्रिकांना रसायन लावलं होतं. मतदाराचा शिक्का उडून जातो आणि दुसऱ्याच चिन्हापुढे शिक्का उमटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शाई रशियातून आली, अशीही चर्चा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने त्यांना हसण्यावारी नेलं नाही. काही मतपत्रिका नमुना म्हणून तपासायला परवानगी दिली. आरोप मात्र सिद्ध झाला नाही.

मशीनची गोष्ट 1982 ची. केरळमधल्या परवूर मतदारसंघात 50 केंद्रांवर पहिल्यांदा मशीन वापरलं. मशीनला आधी हरकत घेतली ती सिवन पिल्लै यांनी, आणि निवडूनही आले तेच, 123 मतांनी! मग हरलेले ए. सी. जोस कोर्टात गेले. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात मशीनची तरतूदच नाही. मशीनने लबाडी केली असं न्यायालय म्हणालं नव्हतं. नियमाशिवाय ते वापरता येणार नाही, एवढंच म्हणालं. त्या 50 केंद्रांवर पुन्हा कागदावर मतदान झालं आणि जोस निवडून आले. पुढे कायदा बदलला, मग मशीन परत आलं.

शंका फक्त पेटीवर आणि मशीनवर नाही, बातमीवरही घ्यावी लागते. 2009 च्या निवडणुकांत आपल्या महाराष्ट्रातच काय घडलं ते पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडं केलं. एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत शब्दशः सारखा छापून आला होता. जाहिरात असूनही बातमी म्हणून छापलेल्या अशा मजकुराला ‘पेड न्यूज’ हे नाव पडलं. प्रेस कौन्सिलच्या समितीने 2010 साली त्यावर मोठा अहवाल केला. 2011 साली निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना अपात्र ठरवलं, कारण अशा मजकुराचा खर्च त्यांनी हिशोबात दाखवला नव्हता. म्हणजे तिथेही प्रश्न वहीचाच निघाला. बातमी वाचताना आपणही विचारावं, हे कोण म्हणतंय आणि पैसे कोणी दिले? मोबाईलवरच्या मेसेजलाही हाच प्रश्न लावायचा.

मशीनबद्दल लोक विचारत राहिले, म्हणून 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने चिठ्ठी दाखवणारी पेटी, म्हणजे व्हीव्हीपॅट, टप्प्याटप्प्याने आणायला सांगितलं. लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर ती चिठ्ठी 7 सेकंद काचेतून दिसते. 2019 पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात 5 केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून मशीनशी ताडून बघतात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा, ही मागणी न्यायालयाने 2024 साली मान्य केली नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला काही मशीन तपासून मागायची सोय करून दिली. यावर सगळ्यांचं समाधान झालंय असं नाही. तरी ही प्रत्येक सोय कोणीतरी अर्ज घेऊन उभं राहिलं म्हणून मिळाली. घरी बसून मिळाली नाही.

आपल्या हातात काय आहे? मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान होतं. संध्याकाळी किती मतं पडली याचा हिशोब 17-क नमुन्यात त्यांना मिळतो. गावातल्या प्रतिनिधीला विचारा, “तुम्ही सकाळी वेळेवर गेला होता का? कागद घेतला का?” चिठ्ठीवर चुकीचं चिन्ह दिसलं तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगून लेखी देता येतं. मात्र खोटं सांगितलं तर शिक्षा आहे, हेही लक्षात ठेवा.

त्या बैठकीनंतर आम्ही मतदार यादी आणून मोठ्याने वाचली. आमच्यातल्या दोघींची नावं यादीत नव्हती. दोघी लग्न होऊन आलेल्या, माहेरचं नाव निघालं आणि इकडे लागलंच नव्हतं. धावपळ करून बीएलओ ताईंकडे अर्ज दिले. एकीचं नाव लागलं. दुसरीची कागदपत्रं जमेपर्यंत मुदत संपली. ती मतदानाच्या दिवशी आमच्याबरोबर केंद्रापर्यंत आली आणि बाहेर पिंपळाखाली बसून राहिली. त्या मेसेजची चर्चा करण्यात घालवलेले आठवडे आम्ही यादी वाचण्यात घालवले असते, तर ती आत गेली असती. ही चूक आमची होती.

काकू मात्र आत गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “चिठ्ठी बघितली बाई मी, खाली पडेपर्यंत.”

आता आमच्या गटात दर वर्षी यादी वाचायची, असा ठराव आम्ही वहीत लिहिला आहे. तुमच्याही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.