पावतीपुस्तकात नाव नसलेले

मी नोकरीला लागलो त्या काळात शेलूबाजारला बाजाराच्या दिवशी शिक्षक संघाची वर्गणी गोळा व्हायची. आसपासच्या खेड्यांतले मास्तर किराणा घ्यायला यायचेच. हॉटेलात चहा सांगून झाला की पदाधिकारी पिशवीतून पावतीपुस्तक काढायचा. पावतीवर चार गोष्टी लिहायच्या: नाव, शाळा, नेमणुकीची तारीख, रक्कम. यातली तिसरी महत्त्वाची. ज्याला नेमणुकीची तारीख नाही त्याला संघात जागा नाही, हे त्या छापील कागदानंच ठरवून टाकलं होतं. डी.एड. करणारा छात्राध्यापक, बी.एड. होऊन घरी बसलेला पदवीधर, यांची पावती फाडायची सोयच नव्हती. आमच्या भागातल्या शिक्षक संघटनांची गोष्ट मला इथूनच सांगावीशी वाटते, कारण या संघटनांचं मोठेपण मी अनुभवलं आहे आणि त्यांच्या दाराबाहेर उभी राहिलेली पोरंही पाहिली आहेत.

संघ नोकरीभोवतीच का उभे राहिले, याला वऱ्हाडचा इतिहास कारण आहे. इथल्या मास्तराचा मालक सारखा बदलत गेला. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. आमचा मंगरूळ तालुका तेव्हा बासीम म्हणजे वाशिम जिल्ह्यात होता. 1905 मध्ये तो जिल्हाच मोडला आणि आम्ही अकोल्यात गेलो. स्वातंत्र्यानंतर जनपद सभा आल्या, 1956 मध्ये मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषद, आणि 1 जुलै 1998 ला पुन्हा वाशिम जिल्हा. शाळेच्या पुस्तकात हे सगळं दोन ओळींत उरकतं. मास्तराच्या सेवापुस्तकात मात्र दर बदलाला नव्या नोंदी, नवे शिक्के आणि नव्या अडचणी.

जनपदाच्या काळात लागलेले, ‘नॉर्मल पास’ म्हणवून घेणारे म्हातारे गुरुजी मी पाहिले आहेत. अक्षर मोत्यासारखं, धोतर स्वच्छ, आणि मनात एकच घोर: जुनी सेवा पेन्शनला धरतील का? ज्येष्ठता यादीत आपलं नाव कुठं लागलं? एकट्या माणसानं अकोल्याला जाऊन यायचं तर एसटीत दिवस मोडायचा. साहेब दौऱ्यावर असायचे नाहीतर फाईल दुसऱ्या टेबलावर असायची. संघाचा माणूस जायचा तो गावोगावच्या मास्तरांचे अर्ज एकाच पिशवीत घालून, आणि टेबल कोणतं हे त्याला ठाऊक असायचं. संघटना म्हणजे मोर्चा आणि घोषणा असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्यासाठी ती आधी ही पिशवी होती.

पुढं प्राथमिक शिक्षकांत संघ आणि समिती असे तट पडले. पतसंस्थेच्या निवडणुकीत पॅनेल लढू लागली आणि एका शाळेतले दोन मास्तर महिना महिना एकमेकांशी बोलेनासे झाले. त्यावर मी जास्त लिहीत नाही. त्याच पतसंस्थेच्या कर्जावर पुष्कळांची घरं उभी राहिली आणि लेकींची लग्नं झाली, हेही तितकंच खरं आहे.

सगळ्यांना एकत्र आणलं ते 1977-78 च्या संपानं. राज्य कर्मचारी, जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि शिक्षक मिळून 54 दिवस संपावर होते. केंद्राच्या दरानं महागाई भत्ता द्या, ही मुख्य मागणी. संपाचे नेते र. ग. कर्णिक यांचं नाव तेव्हा खेड्यातल्या मास्तरालाही पाठ होतं. मी तो संप केलेला नाही, पण माझ्या पहिल्या शाळेचे मुख्याध्यापक त्याबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. घरात पगार नाही, पोरांच्या फिया थकलेल्या, तरी दुकानदारानं उधारी बंद केली नाही. “मास्तर, पगार झाल्यावर द्याल, पन आता मागं नोका फिरू,” असं एका दुकानदारानं सांगितल्याचं ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. ज्यांची चार एकर कोरडवाहू होती ते निभावले. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना झालेल्या या संपातून तत्काळ पदरात फार पडलं नाही. 1978 च्या जुलैत शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं सरकार आलं आणि त्यानं केंद्राच्या दराचा भत्ता मान्य केला. माझ्या पिढीनं पहिल्या पगारापासून जो भत्ता उचलला तो त्या गहाण दागिन्यांचा होता, असं मी आजही मानतो.

खासगी हायस्कुलांत दुखणं वेगळं होतं. सही एका रकमेवर आणि हातात पडायची दुसरी. संस्थाचालकाची मर्जी फिरली तर उन्हाळी सुटीनंतर शाळेत घ्यायचंच नाही. माझ्या जवळच्या एका मित्राला एका संस्थेनं असंच घरी बसवलं होतं. याविरुद्ध विदर्भ माध्यमिक शिक्षक संघानं, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘विमाशि’नं, वर्षानुवर्षं लढा दिला. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा 15 जुलै 1981 पासून नियमावलीसह अमलात आला, तेव्हा मास्तराला पहिल्यांदा शाळा न्यायाधिकरणाचं दार मिळालं. कामावरून काढल्यास 30 दिवसांत अपील. माझ्या मित्रानं ते केलं आणि तो पुन्हा फळ्यासमोर उभा राहिला. प्राध्यापकांकडं ‘नुटा’ ही त्यांची संघटना होती आणि तिचे नेते बी. टी. देशमुख होते. अमरावती पदवीधर मतदारसंघातून ते 1980 ते 2010 अशी तीस वर्षं विधान परिषदेत होते. शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख तोंडपाठ ठेवून सरकारला जाब विचारायचा, ही रीत त्यांनी विदर्भातल्या कार्यकर्त्यांना शिकवली. ‘नुटा बुलेटिन’ आमच्यासारखे प्राथमिकचे लोकसुद्धा मागून आणून वाचायचे.

घटनेच्या 171 व्या कलमानं विधान परिषदेत शिक्षकांना बाराव्या हिश्श्याच्या जागा दिल्या, महाराष्ट्रात त्या सात. पण मतदार व्हायला माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. म्हणजे पहिलीच्या पोराचा हात धरून ‘ग’ गिरवून घेणाऱ्याला मत नाही. 2020 मध्ये अमरावती विभागातून वाशिमचेच किरण सरनाईक अपक्ष निवडून आले. आमच्या केंद्रातल्या प्राथमिकच्या गुरुजींनी त्या निवडणुकीची चर्चा पुष्कळ केली, मतदान कोणीच केलं नाही. आणि जो अजून शिकवायलाच लागलेला नाही, त्याचा तर या हिशेबात कुठं उल्लेखच नाही.

शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांच्या बाबतीत अमेरिकेत वेगळं घडलं. तिथं 1911 मध्ये इलिनॉय विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कप्पा डेल्टा पाय नावाचं मानाचं मंडळ निघालं. समुपदेशन शिकणाऱ्यांसाठी 1985 मध्ये ओहायो विद्यापीठात काय सिग्मा आयोटा निघालं. अभ्यासात चांगल्या असलेल्या विद्यार्थ्याला बोलावून सभासद करायचं, मोठ्या शिक्षकांच्या ओळखीत आणायचं, अशी ती पद्धत. आमच्या ओळखीतली एक मुलगी तिकडं समुपदेशन शिकते, तिच्याकडून हे प्रथम कळलं. गुणांवर निवडून काही मोजक्यांना आत घेणं मला फारसं पटत नाही. पण शिकत असतानाच व्यवसायात घेतात, हे पटतं. आपल्याकडं समुपदेशनाला अजून गावात जागाच झालेली नाही. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, तिचे निकाल समजावून सांगायचं काम आमच्या भागात गणिताच्या नाहीतर इंग्रजीच्याच शिक्षकावर पडलं.

आमच्या छात्राध्यापकांच्या वाट्याला मात्र पाठ टाचणं आली. एक वही पाहिली की मुलाची मेहनत कळायची: उद्दिष्टं, पूर्वज्ञान, फलकलेखन, गृहपाठ, आणि समासात मार्गदर्शकाचा लाल शेरा. सराव पाठाला आलेल्या मुली तक्ते गुंडाळून एसटीतून उतरायच्या आणि वर्गात शिरताना त्यांचे हात थरथरायचे. 2000 नंतर गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली, राज्यात त्यांची संख्या हजारापलीकडं गेली. वावर विकून फी भरलेले बाप मला माहीत आहेत. मग मे 2012 मध्ये शासनानं शिक्षक भरतीवर बंदी घातली. 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी आली. अभ्यासक्रमाचं नाव डी.एड.चं डी.टी.एड. आणि पुढं डी.एल.एड. झालं, नोकरी मात्र आली नाही. त्या वर्षांत आमच्या कोणत्याही संघाच्या मागणीपत्रात भरतीचा मुद्दा वरच्या पाचांत असल्याचं मला आठवत नाही. वेतन आयोग वर, बदल्या वर, 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन वर. हे सगळे मुद्दे रास्त होते. पण शाळेत नवा मास्तर येत नव्हता, एकाच मास्तरावर दोन-तीन वर्ग पडत होते, आणि तो मास्तर व्हायला तयार असलेला मुलगा शेलूबाजारच्या चौकात मोबाईल रिचार्जच्या दुकानावर बसला होता. या दोघांचं दुखणं एकच होतं, हे संघांनी ओळखायला हवं होतं.

शेवटी पोरांनीच स्वतःचं बघितलं. डी.टी.एड., बी.एड. स्टुडंट असोसिएशन उभी राहिली. ना इमारत, ना पतसंस्था, ना पावतीपुस्तक. व्हॉट्सअ‍ॅपचे गट आणि पुण्याला शिक्षण आयुक्तालयासमोर धरणं धरायची तयारी, एवढंच भांडवल. डिसेंबर 2017 मध्ये शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी झाली. भरतीच्या पवित्र पोर्टलवरून पहिली निवड यादी लागायला ऑगस्ट 2019 उजाडला. मधल्या काळात ही पोरं बिंदुनामावली, रिक्त पदं, संचमान्यता यांवर अशा बारकाईनं बोलायला लागली की बी. टी. सरांची आठवण यावी. आमच्या गावाजवळच्या एका मुलाला त्यातून कोकणात शाळा मिळाली. त्याच्यापेक्षा जास्त धरणी केलेल्या त्याच्या मित्राचं वय उलटलं.

आणि आता 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून अधिक वर्षं उरली आहेत अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. संघ, समिती, शिक्षक परिषद, सगळे एका व्यासपीठावर आले. त्यांची बाजू मला समजते. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला परीक्षेचं हे ओझं जड आहे. आमच्याकडचे एक गुरुजी सध्या संध्याकाळी बालमानसशास्त्राचा भाग समजून घ्यायला त्याच वय उलटलेल्या मुलाकडं जातात. तो फी घेत नाही. तालुक्याच्या पुढच्या सभेत भरतीवर दहा मिनिटं बोलायला मिळावं, एवढंच त्यानं मागितलं आहे, आणि गुरुजींनी ते पदाधिकाऱ्यांकडून कबूल करून घेतलं आहे.