जग्वार ई-टाइप : ३.८ घ्यावी की ४.२?

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या शौकिनांमध्ये जग्वार ई-टाइपच्या सौंदर्याविषयी सहसा दुमत आढळत नाही. मतभेद सुरू होतात ते त्यापुढच्या प्रश्नावर. ई-टाइपच्या पहिल्या मालिकेत दोन इंजिने आली. मार्च १९६१ पासून ऑक्टोबर १९६४ पर्यंत ३.८ लिटरचे आणि त्यानंतर ४.२ लिटरचे. दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या, तर मागील झाकणावरील ४.२ हा आकडा वाचल्याखेरीज नवख्याला त्या ओळखता येणार नाहीत. तरीही यांपैकी एकीची निवड करताना ब्रिटन-अमेरिकेतील खरेदीदार महिनोन्‌महिने घालवतात. त्यामागे कारणही तसेच आहे. या गाड्यांत मोठी रक्कम गुंतते आणि चुकीची गाडी घरी आली, तर दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.

जिनिव्हा येथील प्रदर्शनात मार्च १९६१ मध्ये ही गाडी जगासमोर आली, तेव्हा ब्रिटनमध्ये तिची किंमत करांसह दोन हजार पौंडांच्या थोडी वर होती. ऍस्टन मार्टिनच्या डीबी४ साठी त्या वेळी जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागत. विमान उद्योगातून आलेले वायुगतिशास्त्राचे जाणकार माल्कम सेयर यांनी तिचा आकार घडवला होता. ल मान्सची शर्यत १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे जिंकणाऱ्या डी-टाइपची रचना तिच्या मुळाशी होती. ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाचा कंपनीचा दावा होता. पत्रकारांना चाचणीसाठी दिलेल्या गाड्यांनी तो आकडा गाठलाही; मात्र त्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या, सामान्य ग्राहकाच्या हाती पडणारी गाडी थोडी मागेच राहत असे, हे आता जाणकारांमध्ये सर्वमान्य आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये आपल्या कायम संग्रहात जी ई-टाइप घेतली, ती ३.८ लिटरचीच आहे.

कागदावरील फरक

कागदावर पाहिले तर फरक किरकोळ वाटतो. ३.८ चे इंजिन ३,७८१ सीसीचे, ४.२ चे ४,२३५ सीसीचे. दोन्हींत सहा सिलिंडर एका ओळीत, दोन्हींना तीन एसयू कार्बोरेटर आणि कंपनीने जाहीर केलेली शक्तीही दोन्हींची तीच, २६५ अश्वशक्ती. वाढला तो टॉर्क. २६० पौंड-फूटवरून २८३ वर गेला. सिलिंडरचा व्यास ८७ मिलिमीटरवरून ९२ वर नेताना इंजिनाचा ठोकळा नव्याने ओतावा लागला आणि सिलिंडरमधील अंतरेही बदलावी लागली. पट्टीचे चालक सांगतात, की ३.८ अधिक मोकळेपणाने वरच्या फेऱ्यांपर्यंत धावते, तर ४.२ कमी फेऱ्यांवरही ओढ देते आणि त्यामुळे वारंवार गिअर बदलावा लागत नाही. ३.८ ला तेल अधिक लागते, हीदेखील तिची जुनी ख्याती आहे.

गिअरबॉक्सचा प्रश्न

खरा फरक मात्र इंजिनाच्या मागे आहे. ३.८ ला जो चार वेगांचा गिअरबॉक्स मिळाला, तो मॉस कंपनीचा आणि मुळातच जुन्या घडणीचा होता. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा, तर दोनदा क्लच दाबून इंजिनाच्या फेऱ्या जुळवाव्या लागतात. अन्यथा कानांना न सोसवणारी खरखर ऐकून घ्यावी लागते. इतर गिअरही संथ हाताने, जणू परवानगी मागत टाकावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर या गोष्टीची सवय होते, काहींना त्यात गंमतही वाटते. शहराच्या वाहतुकीत, दर सिग्नलला, ती गंमत उरत नाही. ४.२ सोबत जग्वारने स्वतःचा नवा गिअरबॉक्स दिला, ज्याच्या चारही गिअरना सिंक्रोमेश होते.

ब्रेकचेही तसेच. दोन्ही गाड्यांना चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. परंतु ३.८ मध्ये पायाच्या दाबाला साथ देणारी यंत्रणा भात्याच्या तत्त्वावर चालते आणि पेडल दाबताच अपेक्षित पकड येत नाही, अशी तक्रार त्या काळीही होती. ४.२ मधील सर्व्हो अधिक विश्वासार्ह ठरला. याशिवाय डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि इंधनाचा पंप टाकीच्या पोटातून बाहेर निघाला. बसण्याची जागाही सुधारली. ३.८ च्या पातळ पाठीच्या बकेट सीटवर तासाभराने कंबर बोलू लागते. उंच माणसाची तर अधिकच अडचण होते, विशेषतः १९६२ च्या आरंभापर्यंतच्या गाड्यांत. त्यांचा तळ सपाट आहे, पाय ठेवायला खोलगट जागा नाही.

गमतीचा भाग असा, की बाजारात सर्वाधिक मान याच गैरसोयीच्या गाड्यांना आहे. सपाट तळाच्या गाड्या आणि त्यातही बाहेरून किल्ली लावून बॉनेट उघडाव्या लागणाऱ्या पहिल्या सुमारे ५०० गाड्या संग्राहक चढ्या भावाने घेतात. सेयर आणि सर विल्यम लायन्स यांच्या मनातील मूळ गाडी ती हीच, अशी त्यामागची भावना आहे. भावना खोटी नाही. प्रश्न एवढाच, की गाडी चालवायची आहे की जपायची.

ही गोष्ट खुद्द निर्मात्यालाही टाळता आलेली नाही. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यापासून ई-टाइपच्या वारशाची सूत्रे मुंबईच्या उद्योगसमूहाकडे आहेत. ई-टाइपच्या साठीनिमित्त जग्वारच्या क्लासिक विभागाने २०२० मध्ये बारा गाड्यांचा एक विशेष संच जाहीर केला. जुन्या ३.८ गाड्या संपूर्ण उकलून त्या नव्याने उभ्या करण्याचा हा उपक्रम होता आणि त्यांत मॉसऐवजी नव्याने बनविलेला, सर्व गिअरना सिंक्रोमेश असलेला पाच वेगांचा गिअरबॉक्स बसविण्यात आला. अनेक खासगी मालकही ३.८ ला असाच गिअरबॉक्स आणि सुधारित ब्रेक लावून घेतात. मूळ भाग काळजीपूर्वक जपून ठेवले तर यात वावगे काही नाही. पण इतके बदल करायचे असतील, तर आधीच सुधारलेली ४.२ कमी पैशांत का घेऊ नये, याचे पटणारे उत्तर सहसा मिळत नाही. नियमित चालवण्यासाठी ४.२, तीही १९६७ मध्ये हेडलाइटवरील काचा जाण्यापूर्वीची, हीच निवड शहाणपणाची दिसते. ज्याला डबल क्लचचा कंटाळा नाही आणि जो वर्षातून मोजकेच दिवस गाडी बाहेर काढणार आहे, त्याने ३.८ चा विचार जरूर करावा.

गंजापुढे सारे समान

अर्थात, ही चर्चा दोन निरोगी गाड्यांपुरती. सडलेल्या ४.२ पेक्षा धडधाकट ३.८ केव्हाही बरी आणि उलटही तितकेच खरे. ई-टाइपच्या मधल्या भागाला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या कवचावरच सारा भार आहे आणि त्याची ताकद दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत, म्हणजे सिलमध्ये साठलेली आहे. पाणी नेमके तिथेच मुरते. सिल बदलताना कवचाला नीट आधार दिला नाही तर ते खचते आणि दारे पुन्हा बसत नाहीत. म्हणून रंगाची चकाकी पाहण्याआधी दाराच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे पाहावे. रोडस्टरमध्ये ही तपासणी अधिकच गरजेची, कारण तिला छताचा आधार नाही. पुढे इंजिन पेलणारा नळ्यांचा सांगाडा बोल्टने जोडलेला आहे. तो आतून गंजतो आणि बाहेरचा रंग बराच काळ ते लपवतो. नळीवर वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर तो सांगाडा बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा.

मागचे ब्रेक चाकांजवळ नसून गाडीच्या मध्याकडे, डिफरन्शियलला लागून बसवलेले आहेत. तांत्रिकदृष्ट्या ही रचना उत्तम असली, तरी मेकॅनिकच्या दृष्टीने ती शिक्षाच. डिस्क बदलायची तर मागचा सगळा जोडच बहुधा खाली उतरवावा लागतो. विक्रेत्याने ब्रेकचे काम नुकतेच केल्याचे सांगितले, तर बिल मागण्यात संकोच करू नये.

कागदपत्रांकडेही तितकेच बारकाईने पाहावे. उजव्या स्टिअरिंगच्या ३.८ रोडस्टरचे चासी क्रमांक ८५०००१ पासून, तर बंद छताच्या कूपेचे ८६०००१ पासून सुरू होतात. डाव्या स्टिअरिंगसाठी हेच आकडे ८७५००१ आणि ८८५००१ असे आहेत. ४.२ च्या क्रमांकाची सुरुवात १ई ने होते. अमेरिकेला गेलेल्या असंख्य गाड्या पुढे ब्रिटनमध्ये परतल्या आणि उजव्या स्टिअरिंगच्या करून विकल्या गेल्या. क्रमांक पाहिला की हा प्रवास लगेच उघड होतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांवरील क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळतात का, याचा दाखला जग्वारच्या ब्रिटनमधील वारसा न्यासाकडून मिळू शकतो. ३.८ च्या बाबतीत या दाखल्याला अधिक वजन आहे. तिच्यासाठी जादा मोजला जाणारा पैसा मुळातच अस्सलपणाचा असतो. ठोकळा पुढे ४.२ चा बसवला गेला असेल, तर त्या जादा पैशाला आधार राहत नाही.

शेवटी चाचणी. विक्रेत्याला आधी कळवून ठेवावे, की इंजिन थंड असतानाच सुरू करायचे आहे. आपण पोहोचण्यापूर्वीच बॉनेट गरम लागले, तर कारण विचारावे. इंजिन पूर्ण तापल्यानंतर ३,००० फेऱ्यांवर तेलाचा दाब ४० पौंडांच्या आसपास असायला हवा. त्यानंतर गाडी दहा मिनिटे जागेवर चालू ठेवून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. वाहतुकीत तापण्याचा दोष ३.८ मध्ये अधिक असला, तरी ४.२ त्यापासून पूर्णपणे मुक्त नाही.