चांद्याहून हिजाझ

चंद्रपूरच्या अंचलेश्वर दरवाजाजवळून झरपट नदी वाहते. आख्यायिका अशी की, गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाचं अंग गाठींनी भरलेलं होतं. शिकारीत तहान लागली, कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी सापडलं. ते पिऊन, तोंड धुऊन राजा झोपला आणि त्याची व्याधी गेली. तिथेच देऊळ झालं, शहर वसलं.

मक्केची गोष्टही पाण्यापासूनच सुरू होते. ओसाड दरीत तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत धावणारी हाजरा, आणि झमझमची विहीर. पुढे मात्र दोन गावांचं नशीब वेगळं. चांद्याला वर्धा, वैनगंगा आणि जंगल मिळालं. मक्केला फक्त विहिरी.

मक्का, मदिना आणि जेद्दा ज्या प्रदेशात येतात, तो हिजाझ. तांबड्या समुद्राला लागून असलेल्या या पट्ट्यात एकही बारमाही नदी नाही. हिजाझ म्हणजे आडोसा, अडसर. इथली डोंगररांग किनाऱ्याला आतल्या नज्दच्या पठारापासून तोडते, म्हणून हे नाव. उंचावरच्या ताईफला फळं पिकतात, मदिनेला खजुराच्या बागा आहेत. मक्केत काहीच पिकत नाही. शतकानुशतकं धान्य इजिप्तहून यायचं आणि पैसा यात्रेकरूंच्या कनवटीतून. खलिफा उस्मान यांनी इ.स. ६४७ मध्ये जेद्दा हे मक्केचं बंदर ठरवलं, तेव्हापासून हा प्रदेश येणाऱ्याजाणाऱ्यांवरच जगला. दमास्कसहून निघालेली तुर्कांची रेल्वे १९०८ मध्ये मदिनेला पोचली, तेव्हा तिला सगळ्यात जास्त विरोध केला तो बदाऊंनी. उंट भाड्याने देऊन जगणाऱ्यांचं पोट तिच्यावर जाणार होतं. ती रेल्वे मक्केपर्यंत कधी गेलीच नाही.

ब्रिटिश काळात आपल्या भागातून हजला जाणारा माणूस नागपूर गाठायचा, मग मुंबई, मग जहाज. १८६५ च्या हजमध्ये पटकीने हाहाकार उडवला. त्यानंतर वाटेत कमरान बेटावर यात्रेकरूंना अडवून ठेवू लागले. आपल्याला क्वारंटाइन हा शब्द २०२० मध्ये कळला. हाजींना तो केव्हाच कळला होता.

पण हिजाझ खऱ्या अर्थाने आपल्या दाराशी आला तो राजकारणातून. तुर्कस्तानची बाजू घेतली म्हणून सरकारने मोहम्मद अली आणि शौकत अली या भावांना पहिल्या महायुद्धात छिंदवाड्याला नजरकैदेत ठेवलं. छिंदवाडा आणि चांदा तेव्हा एकाच मध्य प्रांतातले जिल्हे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केलं, त्यामागचं एक कारण खिलाफत होतं. पवित्र स्थळं तुर्की खलिफाच्याच हाती राहावीत, ही खिलाफतवाल्यांची मागणी.

इथे मला अडखळायला होतं. कारण १९१६ मध्ये मक्केचा शरीफ हुसेन इंग्रजांची मदत घेऊन त्याच तुर्कांविरुद्ध उठला होता आणि हिजाझचा राजा म्हणवू लागला होता. म्हणजे मक्केतला सत्ताधीश तुर्कांना हाकलत होता आणि आपल्याकडची माणसं तुर्कांची सत्ता राहावी म्हणून तुरुंगात जात होती. दोघांचा प्रामाणिकपणा तोलायचा नाही मला. पण हिजाझच्या उंटवाल्याला, पाणक्याला, जेद्दाच्या हमालाला काय हवं, हे नागपुरातही कुणी विचारलं नाही आणि लंडनमध्येही नाही.

निकाल दोन्ही बाजूंच्या विरुद्ध लागला. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत मोडीत काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नज्दच्या इब्न सौदची फौज मक्केत शिरली. १९२५ संपता संपता मदिना आणि जेद्दाही पडलं. ज्या डोंगरांनी हिजाझला नज्दपासून वेगळं ठेवलं होतं, तेच ओलांडून हे राज्य आलं. १९३२ मध्ये दोन्ही मिळून सौदी अरेबिया झाला, आणि देशाच्या नावातून हिजाझ गेला.

मुंबई-जेद्दा जहाजं १९९५ मध्ये बंद पडली. आता विदर्भातले हाजी नागपूरहून विमानाने जातात.

आपल्या जिल्ह्याचं नावही १९६४ मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं. रेल्वेचं एक स्टेशन मात्र अजून चांदा फोर्टच आहे.