आचेची वंशावळ

लाकडाची गोल चकती, कडेची साल तशीच ठेवलेली. मधोमध तपकिरी रेषांत एका जोडप्याचे चेहरे, खाली नावं आणि लग्नाची तारीख. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलं आईबाबांना हल्ली अशी चकती देतात. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, निम्मे पैसे आधी भरायचे आणि कुरिअरची वाट पाहायची. ऑर्डर देताना एक प्रश्न ठरलेला असतो, "हाताने करता की लेझरने?" किंमत या उत्तरावर ठरते. पण प्रश्न निघाला कुठून, हे पाहायचं तर त्या तपकिरी डागाचा माग उलटा काढत जावं लागतं.

पहिलं पाऊल थेट बारामतीत उमटतं. तिथे 1938 मध्ये जन्मलेले कुमार पटेल पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन अमेरिकेला गेले, आणि 1964 मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला. या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण लाकूड तो चटकन शोषून घेतं आणि तेवढ्याच जागी जळतं. लाकडावर फोटो उतरवणारी बरीचशी यंत्रं आजही याच जातीच्या लेझरवर चालतात. यंत्र फोटोचे ठिपके पाडतं, डोकं विणकराच्या धोट्यासारखं एका कडेपासून दुसरीकडे फिरवतं आणि थोड्याच वेळात चित्र हाती देतं. शंभर चकत्या केल्या तरी शंभरावी पहिलीसारखीच.

एक पायरी खाली उतरलं की तार लागते. 1906 मध्ये अल्बर्ट मार्श या अमेरिकी धातुतज्ज्ञाने निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. नायक्रोमची ही तार लालभडक तापली तरी हवेत लवकर गंजत नाही, म्हणून तिच्यावर टोस्टर आणि शेगड्या चालू लागल्या. वळवलेल्या नायक्रोमच्या निबवर हाताने जाळून चित्रं काढणाऱ्यांचं आजचं पेनही चालतं. एका बटणाने आच कमी-जास्त करायची, की झालं. आपल्याकडे या नादाला लागणाऱ्या कित्येकांचं पहिलं हत्यार मात्र साधं सोल्डरिंग आयर्न असतं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते सहज मिळतं. त्याची आच एकच, त्यामुळे गडद-फिकट सगळं हाताच्या वेगावर. लाकूड साधारण 200 अंश सेल्सिअसच्या वर तपकिरी पडू लागतं आणि 300 च्या पुढे त्याचा कोळसा व्हायला लागतो. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्टीत भुवई, गाल, पदर असं सगळं बसवायचं. खोडरबर नाही. चुकलं तर ब्लेडने खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा. डाग खोल गेला असेल तर तिथे झाड नाहीतर केसांची बट काढायची.

तारेच्या आधी प्लॅटिनम होतं, आणि या कुळातला सगळ्यात अनपेक्षित पूर्वज इथेच भेटतो. तो डॉक्टर होता. 1870 च्या दशकात क्लोद-आंद्रे पाकलँ या फ्रेंच वैद्याने रक्तस्राव थांबवायला आणि गाठी जाळायला एक उपकरण काढलं. प्लॅटिनमचं पोकळ टोक स्पिरिटच्या दिव्यावर एकदा तापवायचं, मग रबरी फुगा दाबून बेन्झिनची वाफ आत सोडत राहायची. टोक निवत नाही, विस्तवासारखं धगधगत राहतं. यामागचं विज्ञान खाणकामगारांच्या दिव्यातून आलेलं. हम्फ्री डेव्ही सुरक्षित दिवा घडवत होता. ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात धरलेली प्लॅटिनमची तार ज्योतीशिवायच लाल राहते, हे 1817 मध्ये त्याच्या लक्षात आलं. म्हणजे खाणीच्या दिव्यासाठी झालेलं निरीक्षण शस्त्रक्रियेच्या खोलीत आलं आणि तिथून दिवाणखान्यात. जखम जाळायचं टोक लाकूडही जाळतं, हे कोणाला तरी सुचायचंच होतं. आपल्याला यात नवल वाटू नये. सुश्रुतसंहितेत अग्निकर्मासाठी तापवलेली शलाका आहेच, आणि मराठीत माणसाला, जनावराला, लाकडाला देतात त्या 'डागा'ला शब्द एकच आहे.

डॉक्टरी उपकरणाची हलकी नक्कल 1890 च्या सुमारास पेटीत भरून विक्रीला आली आणि अमेरिकेत या छंदाची साथच पसरली. न्यूयॉर्कची फ्लेमिश आर्ट कंपनी हातमोज्यांचे, रुमालांचे, टाय ठेवायचे डबे आणि भिंतीवरच्या फळ्या विकायची. वर फुलांची किंवा सुंदर स्त्रीच्या चेहऱ्याची रेघ आधीच छापलेली. ती फक्त गिरवत जाळायची. शिकागोची थेअर अँड चँडलर ही कंपनीही असे संच विकायची. एका हाताने फुगा दाबायचा, दुसऱ्याने रेघ ओढायची. फुग्याची लय बिघडली की आच बिघडते. चित्रकला न आलेलं माणूसही आता नाताळला 'स्वतः केलेली' भेट देऊ शकत होतं. छापील रेघ ही कुणाची, असं त्या भेटीबद्दल कुणी विचारलं नसणार. हाताने की यंत्राने, या प्रश्नाचं बी मात्र तिथेच पडलं. पहिल्या महायुद्धाच्या आसपास ही हौस ओसरली आणि ते डबे माळ्यावर गेले.

आणखी मागे गेलं की फुगाही नाही, बेन्झिनही नाही. फक्त शेकोटी आणि निखारे ढोसायची लोखंडी सळई. इंग्रजीत या कलेचं जुनं नाव त्या सळईवरूनच पडलं, पोकरवर्क. अठराव्या शतकाच्या अखेरीला जॉन क्रँच हा इंग्लिश चित्रकार अशा चित्रांसाठी नावाजलेला होता. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख जेम्स ग्रिफिथ यांनी तर कॉलेजच्या प्रार्थनामंदिरासाठी कार्लो डोल्ची या इटालियन चित्रकाराच्या ख्रिस्ताची प्रतिमा लाकडावर जाळून काढली. सळई घेऊन काम करणाऱ्याला आच हवी तशी मिळत नसे. मिळे ती वापरावी लागे. विस्तवातून काढल्या काढल्या केस आणि सावल्या, निवत आली की गालाची फिकट छटा, आणि पुन्हा विस्तवात.

त्याहून मागे, पंधराव्या-सोळाव्या शतकात, उत्तर इटलीत सायप्रस या झाडाच्या लाकडाच्या मोठ्या पेट्या होत. आत नवरीचे कपडे. सायप्रसच्या वासाने कसर लागत नाही असा भरवसा, म्हणून ते लाकूड. झाकणावर आणि पुढच्या फळीवर शिकारी, प्रेमिक, बागा कोरून, ठोकून, तापल्या लोखंडाने जाळून काढलेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा पेट्या आहेत. लग्नासाठी मुद्दाम करून घेतलेली, जाळून नटवलेली वस्तू म्हणजे आपल्या चकतीची थेट खापरपणजी. आपल्या रुखवताशेजारी ती परकी वाटली नसती.

इथून पुढे वाट एका देशाची राहत नाही. कोरियात कोळशाच्या शेगडीत तापवलेल्या लोखंडाने बांबूवर नक्षी जाळणाऱ्या कारागिरीला सरकारने 1969 मध्ये वारसा म्हणून मान दिला. मध्य ऑस्ट्रेलियात उलुरूच्या परिसरातले आदिवासी कारागीर लाकडी सरडे आणि भांड्यांवर तापल्या तारेने रेषा उमटवतात. गडचिरोलीच्या शेजारी, बस्तरमध्ये पाणी, पेज, सल्फी न्यायच्या सुकवलेल्या तुंब्यावर तापलेल्या सुरीने त्रिकोण आणि पानं काढली जातात. बासरीचं भोकही शेवटी तापल्या सळईनेच पडतं. पेरूच्या किनाऱ्यावर हुआका प्रिएटा इथे ज्युनियस बर्ड यांनी 1946 मध्ये उत्खनन सुरू केलं, तेव्हा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे जाळून नक्षी केलेले छोटे भोपळे सापडले. पेरूच्या डोंगरात हुआन्कायोजवळच्या कोचास गावांत आजही भोपळ्यावर छटा द्यायला पेटती काटकी धरतात आणि फुंकर मारत आच सांभाळतात. पाकलँचा रबरी फुगा आणि ही फुंकर, काम एकच.

या सगळ्या वंशावळीत बदलत गेली ती एकच गोष्ट, आच टिकवायची युक्ती. फुंकर, सळई, फुगा, तार, किरण. दर पिढीत आच जास्त स्थिर झाली, आणि दर पिढीत भेट देणारे हात वाढले.

आता चकतीकडे परत येऊ. नवशिक्याचा निब लाकडाला टेकतो त्या पहिल्या क्षणी साठलेली आच एकदम उतरते आणि रेषेच्या तोंडाशी काळा ठिपका पडतो. मुरलेला हात निब चालता ठेवूनच टेकवतो, तरी पन्नासातला एखादा ठिपका राहतोच. कुठे बोट थबकलं, कुठे श्वास रोखला, ते तिथे वाचता येतं. चकती भिंगाखाली धरली तर हाताची रेघ कमी-जास्त खोल गेलेली दिसते. यंत्राचे ठिपके शिस्तीत उभे असतात. ग्राहकाच्या प्रश्नाचं उत्तर त्या काळ्या ठिपक्यात असतं. चार हजार वर्षं माणूस आच स्थिर करायला झटला, आणि आता जास्त पैसे मोजतो ते ती जिथे हलली त्या जागेसाठी.