पडणं हे नशीब नव्हे

म्हातारपणी माणूस पडायचाच, असं आपण धरूनच चालतो. १९८६ साली काही डॉक्टरांनी एक साधी चाचणी मांडली: खुर्चीतून उठा, चाला, वळा, परत येऊन बसा. १९९१ मध्ये तिला घड्याळ जोडलं गेलं, अंतर ठरलं ३ मीटर. १९९७ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ८० आणि त्यापुढच्या वयाच्या २३३ बायकांवरचा अभ्यास छापला. पायांना बळ आणि तोल देणारे व्यायाम घरीच करणाऱ्यांचं पडणं कमी झालं होतं.

महामार्गाकाठच्या आपल्या पिंपळगाव बसवंतमध्येही खुर्ची घरोघरी आहे. पण व्यायाम करून पाय घट्ट झालेल्या आजीला बाहेर सपाट रस्ता अन् रात्री उजेडही लागतो. मंडळी, पहिलं काम घराचं, दुसरं गावाचं. मागायला लाजायचं कशाला?