सोनखतापासून सेफ्टी टँकपर्यंत

आजचा विषय जेवायच्या वेळी कोणी काढत नाही, म्हणून जेवणं आटोपल्यावरची ही वेळ बरी. घरामागच्या टाकीत साठलेल्या मैल्याचं पुढे काय होतं, आधी काय होत होतं, आणि दुसऱ्याने आपल्या वावरात टाकून गेलेला मैला कोणी काढायचा, याबद्दल बोलू.

आपल्या भाषेत मैल्याच्या खताला एक सुंदर शब्द आहे, सोनखत. पुण्याकडचे ऊस बागायतदार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शहरातल्या मैल्याचं वाळवलेलं खत पैसे देऊन घेत. म्हणजे मैल्याला किंमत होती. तो डोक्यावरून वाहून नेणाऱ्या बाईला मात्र नव्हती. टोपली, खराटा आणि पहाटेची वेळ ठरलेल्या जातींच्याच वाट्याला आली, आणि त्यातही घरोघरचे संडास साफ करायला बहुतेक बायाच. सोनखताच्या गोष्टी कौतुकाने सांगताना ही बाजू गाळली तर तो इतिहास अर्धाच राहतो.

आपल्या शेजारच्या वर्ध्यात १९३५ मध्ये एक वेगळी गोष्ट घडली. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत. सेवाग्रामला ते पुढच्या वर्षी गेले. मगनवाडीला लागून सिंदी नावाचं गाव होतं, सिंदी रेल्वे नव्हे. तिथे लोक रस्त्याच्या कडेला बसत. महादेवभाई देसाई, मीराबेन आणि इतर मंडळी बादल्या-फावडी घेऊन जात आणि ते उचलत. गावाची सवय काही लगेच सुटली नाही. मला मात्र त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. जमिनीत उथळ चर खणायचा, मैला त्यात टाकायचा, वर माती ओढायची. वरच्या मातीतले जीवजंतू त्याचं खत करतात. फार खोल खड्डा केला तर हे काम नीट होत नाही आणि विहिरीचं पाणीही धोक्यात येतं.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच काम आयुष्यभर केलं. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मला भंगीकाम करू द्या म्हणून उपवास केला. एका जातीचं काम दुसऱ्याने मागितलं, हेच सरकारला पचेना. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून त्यांनी खताचा संडास लोकांपुढे ठेवला, तो गोपुरी संडास.

आता टाकीकडे येऊ. आपण तिला सेफ्टी टँक म्हणतो. मूळ शब्द सेप्टिक, त्याचा अर्थ सडवणारा. सुरक्षिततेशी त्याचा काही संबंध नाही, उलट आहे. ही टाकी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून वापरल्याची नोंद आहे. आपल्याकडचा गोबर गॅस गावात यायच्या कितीतरी आधी! पण तोच गॅस बंद टाकीत माणसाचा जीव घेतो. एक उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो. तुम्ही पेपरात वाचता ते असंच घडतं.

टाकीत जड गाळ खाली बसतो आणि पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. गाळ साठत राहतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. आपल्याकडे मात्र टाकी जेवढी मोठी तेवढं घर मोठं समजतात, आणि वीस वर्षं झाकण उघडलं नाही हे लोक अभिमानाने सांगतात. गावासाठी दोन खड्ड्यांचा संडास बरा. एक भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातलं दीड-दोन वर्षांनी कोरडं, वास नसलेलं खत होतं. टाकीतला ओला गाळ तसा नसतो. त्यात जंतांची अंडी जिवंत असतात. गाडीवाला फुकटात वावरात सोडून देतो म्हणाला, तरी भाजीच्या वाफ्यात तो घेऊ नका.

आमच्या गटातल्या एका काकूंनी रस्त्याच्या कामाला आलेल्या ठेकेदाराला वावराचा तुकडा भाड्याने दिला होता. मजुरांच्या खोल्या, चाकावरचे संडास, सगळं तिथे उभं राहिलं. काम संपलं, खोल्या ट्रॉलीवर चढवून नेल्या, आणि जमिनीत पुरलेल्या दोन भरलेल्या टाक्या तशाच राहिल्या. वर पत्रा, त्यावर माती. मृगाच्या पावसात पत्रा तरंगला तेव्हा कळलं. विहीर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि तिचं पाणी सगळा टोला पितो.

कोणी म्हणालं, दोन पोरं उतरवा, बादलीने काढतील. आम्ही साफ नाही म्हटलं. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टाकीत माणूस मेला तर घरच्यांना तीस लाख द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. त्याआधी, २०१४ च्या निकालात, ही रक्कम दहा लाख होती.

मग गाडीवाला बोलावला. तो म्हणाला, नाल्यात सोडतो. तेही नको. नाला पुढे कोणाच्या तरी गावातूनच जातो. काकूंनी फोटो काढले, भाड्याची चिठ्ठी जोडली, ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि एक प्रत तहसीलला दिली. लोकांना त्रास देणारी घाण हटवायचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात, हे अर्जात लिहिलं होतं. ग्रामसेवकाचा फोन गेल्यावर ठेकेदाराचा माणूस आला आणि गाडीचे पैसे त्याने भरले. मैला शहरातल्या शुद्धीकरण केंद्रावर उतरवल्याची पावती दाखवल्यावरच काकूंनी कागदावर सही केली. रिकाम्या टाकीत चुना टाकला, तळ फोडला, मुरूम भरला. विहिरीचं पाणी जलसुरक्षकाकडून तपासून घेतलं आणि तोवर टोल्याने पाणी उकळून प्यायलं.

ठरवलं तर हे सगळं नीट होतं. सातारा जिल्ह्यातल्या वाई शहरात २०१८ पासून घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या फेरीने उपसतात. तुंबायची वाट पाहत नाहीत. पैसे करातून जातात आणि मैला केंद्रावर शुद्ध होतो. आपल्या नागपुरातही भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. गावातल्या टाक्यांचा हिशोब मात्र कोणाच्याच वहीत नाही.

आमच्या गावात आता वावर भाड्याने देताना चिठ्ठीत एक ओळ जास्त असते: जाताना संडासाच्या टाक्या उपसून, पावती देऊन, खड्डा बुजवून जायचं, तोवर अनामत परत मिळणार नाही. ही ओळ काकूंनीच सांगितली. चिठ्ठी लिहायला त्या हल्ली दुसऱ्यांच्या घरीही जातात.