एचएमव्ही : एलपी-पर्व

‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या ध्वनिमुद्रण कंपनीचा भारतातील उत्तरकालीन सर्जनशील कालखंड. पूर्वी तीनेक मिनिटांच्या तबकडीत ख्याल कोंबावा लागे. एका बाजूला वीसेक मिनिटे देणारी एलपी आली आणि आलापाला श्वास मिळाला. अमीर खाँचा संथ मारवा तिच्यावरच मावला. नागपूरचे वकील आणि भावगीतगायक गो. ना. जोशी हे या पर्वाचे खरे शिल्पकार. त्यांच्या निर्मितीतील ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये (१९६७) काश्मिरी मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे : सकाळच्या अहिर भैरवात शिवकुमार शर्मांचे संतूर, पुढे हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. शब्दावाचून इतकी नितळ कथा सांगणारी तबकडी विरळाच.